जंगल दोडामार्गात, सही घणसोलीत

गेल्या रविवारी तळवली नाक्यावर चहा पिताना एका मित्राशी वाद झाला. वाद आमच्या दोघांचा, पण टपरीवरचे चार-पाच जण मध्ये पडले आणि दीड तास गेला. तिथे जे नीट बोलता आलं नाही ते इथे लिहितोय. पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. घणसोली, कोपरखैरणे, ऐरोलीत राहणारे आणि गाव दोडामार्ग, सावंतवाडी, आंबोलीच्या बाजूला असणारे जे कोणी आहेत, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी.

मित्राला मी भाऊ म्हणतो. घणसोलीत वन बीएचके, एमआयडीसीत नोकरी, गाव दोडामार्ग तालुक्यात. गावी वडिलोपार्जित जमीन आहे. खालच्या अंगाला काजू, वरच्या अंगाला रान, आणि रानाला लागून देवाची राई. सातबाऱ्यावर वीस-बावीस नावं. त्यातली निम्म्याहून जास्त नावं मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईत राहतात. महिन्याभरापूर्वी एक एजंट भाऊच्या घरी आला. गोड बोलला, मुलांसाठी मिठाईचा बॉक्स आणला. म्हणाला, पार्टी बाहेरची आहे, रबर लावणार, सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या गोळा करायचं काम माझं, तुम्ही फक्त तारखेला या. भाऊ मला विचारत होता की साठेखतात काय काय बघायचं असतं. पत्रकार म्हटलं की लोकांना वाटतं याला सगळं ठाऊक.

मी म्हणालो, "भाऊ, तुमच्या त्या रानात लोरिस असेल."

त्याने विचारलं, ते काय? मी मोबाईलवर फोटो दाखवला. भाऊने फोटो बघितला, मला बघितलं आणि म्हणाला, "वांदरांनी माडार नारळ ठेवल्यानी नाय. आनि तू म्हणतंस वांदर वाचवा?"

टपरी हसली. मीही हसलो. पण घरी येताना वाटलं की सगळी लढाई या एका वाक्यात आहे. लोरिसवर मोठमोठे लेख लिहिणारे आणि पोस्टर छापणारे या वाक्याला उत्तर देत नाहीत. ते उत्तर दिल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

तर आधी प्राणी कोणता ते सांगतो. स्लेंडर लोरिस. आपण नुसतं लोरिस म्हणू. माकड, वानर आणि आपण ज्या नरवानर गणात येतो त्याच गणातला, पण माकड नव्हे. वजन पाव किलोच्या आसपास, म्हणजे हातात दोन बटाटे घ्या तेवढं. शेपूट दिसतच नाही. हातपाय काडीसारखे, डोळे चेहऱ्याच्या मानाने भलेमोठे. दिवसभर फांद्यांच्या गुंत्यात अंगाचा गोळा करून झोपतो, अंधार पडला की निघतो. एका फांदीवरून दुसरीवर उडी मारत नाही, हात धरून धरून जातो. धोका दिसला की पळत नाही, जागच्या जागी थिजतो. पिल्लं एका वेळी एक किंवा दोन.

आता खातो काय, ते नीट वाचा. मुंग्या, वाळवी, भुंगेरे, सुरवंट, नाकतोडे. इतर प्राणी ज्यांच्या वाटेला जात नाहीत असे विषारी, घाण वासाचे किडेही खातो. अधूनमधून झाडाचा डिंक, एखादं फळ, छोटा सरडा. नारळ नाही. काजू नाही. केळी नाही. तो आपल्या माडावर चढलाच तर शेंड्यातला किडा खाऊन जाईल आणि आपल्याला कळणारसुद्धा नाही.

म्हणजे भाऊचा राग शंभर टक्के खरा आहे, पण तो ज्याच्यावर काढतोय त्याने त्याचं काही खाल्लेलं नाही. चोरी एकाने केली आणि पट्टा दुसऱ्याच्या पाठीत.

पण फक्त एवढं सांगून सुटता येत नाही. कोकणातल्या शेतकऱ्याला वानर-माकडांनी खरोखर जेरीस आणलंय. रत्नागिरी-सिंधुदुर्गात किती लोकांनी परसात भाजी लावणं सोडलं, नाचणी-वरी सोडली, ते जाऊन बघा. सुट्टीत चार दिवस जाणाऱ्या आपल्याला माकडं गंमत वाटतात. घाटात गाडी थांबवून वेफर्स देणारे आपणच. ज्याच्या डोळ्यांदेखत कोवळे नारळ खाली पडतात त्याला 'निसर्गाचा समतोल' वगैरे ऐकवायला गेलात तर तो तुम्हाला उभं करणार नाही, आणि करूही नये. दोडामार्गात तर वर हत्तींची भर. २००२ साली कर्नाटकातून हत्ती उतरले तेव्हापासून केळी, माड, भातशेती तुडवली जातेय. त्या शेतकऱ्याच्या दाराशी जाऊन "काका, आम्ही एका छोट्या प्राण्यासाठी प्रकल्प घेऊन आलोय" म्हटलं तर काका काय म्हणतील? भाऊने म्हटलं तेच.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे. या भागात लोरिससाठी ज्याला कुणाला काम करायचंय, मग ते वनखातं असो, संस्था असो की कॉलेजची पोरं, त्याने पहिला दिवस लोरिसवर घालवू नये. नुकसानभरपाईच्या अर्जावर घालवावा. पंचनामा वेळेत होत नाही, माडामागे मिळणारा पैसा आणि माडाचं खरं मोल यांचा मेळ नाही, अर्ज कुठे अडकला ते कळत नाही, या रडगाण्यात शेतकऱ्याच्या बाजूने उभं राहावं. त्याच्यासोबत तालुक्याच्या कचेरीत दोन खेपा माराव्यात. तिसऱ्या खेपेला लोरिसचा विषय काढला तर तो ऐकेल. हे कुठल्या पुस्तकात वाचून सांगत नाही. वीस वर्षं बातमीदारी केली त्यातून एवढंच शिकलो की माणूस आधी स्वतःची गोष्ट सांगतो, मगच दुसऱ्याची ऐकतो.

आता कबुलीजबाब. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका दैनिकात उपसंपादक होतो. नाव नको. कोकणातून एका वार्ताहराची बातमी आली, सोबत धूसर फोटो. काजूच्या बागेत रात्री कोणीतरी हा प्राणी पकडला होता. मी मथळा दिला, 'विचित्र प्राणी आढळल्याने ग्रामस्थांत घबराट'. वार्ताहराच्या मजकुरात घबराट हा शब्दच नव्हता. पण चौकट भरायची होती, रात्रीचे साडेदहा वाजले होते, आणि डिप्लोमाला शिकवलं होतं की मथळ्याने माणूस थांबला पाहिजे. माणूस थांबला असेल. त्या प्राण्याचं काय झालं ते मी वार्ताहराला विचारलंही नाही.

आज तेच काम मोबाईल करतो. 'एलियन सापडला' म्हणून व्हिडिओ फिरतात. टॉर्चचा झोत डोळ्यांवर, भोवती दहा माणसं, आणि तो मधोमध थिजलेला. लोक म्हणतात बघा, किती शांत आहे, पळतही नाही. अहो, तो भीतीने गोठलाय! आणि त्याहून वाईट म्हणजे भोंदूगिरी. या प्राण्याचे डोळे, हाडं औषधाला आणि करणीला चालतात या समजुतीपायी दक्षिण भारतात तो पकडून विकला गेलाय. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे तो, वाघ आहे त्याच यादीत. पकडला तर तीन ते सात वर्षांची कैद आहे. पण कायदा कोणाला माहीत? मलाही मथळा देताना माहीत नव्हता.

इथे आपल्या शहराचं एक उदाहरण आठवतं. नवी मुंबईत भिंतींवर फ्लेमिंगो आहेत, चौकात फ्लेमिंगोचे पुतळे आहेत, 'फ्लेमिंगो सिटी' असं आपण म्हणवून घेतो. पण नेरुळच्या डीपीएस तलावात २०२४ मध्ये भरतीचं पाणी नीट येईना आणि पक्षी मरायला लागले, तेव्हा पुतळे काही बोलले नाहीत. बोलली ती माणसं, रोज सकाळी तिथे चालायला जाणारी. त्यांनी आरडाओरड केली, निवेदनं दिली, मानवी साखळ्या केल्या. पुढच्या वर्षी राज्य वन्यजीव मंडळाने त्या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करायला मान्यता दिली. का झालं? कारण पक्षी त्यांच्या डोळ्यांसमोर होता. जो रोज दिसतो त्याच्यासाठी माणूस भांडतो.

लोरिसचं दुखणं नेमकं हेच. तो दिसत नाही. ज्याच्या बागेत आहे त्यालाही दिसत नाही. रात्री डोक्याला बॅटरी बांधून फिरणाऱ्याला पानांत दोन तांबूस ठिपके चमकताना दिसतात, तेवढीच ओळख. मग न दिसणाऱ्यासाठी पाठिंबा कसा उभा करायचा?

तमिळनाडूने एक वाट दाखवलीय. दिंडिगल आणि करूर या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर कडवूर नावाचा डोंगराळ भाग आहे. कोरडं, काटेरी रान, आपल्या सह्याद्रीसारखं हिरवंगार नाही. तिथे लोरिसला देवांगू म्हणतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथलं ११,८०६ हेक्टर जंगल लोरिसचं अभयारण्य म्हणून जाहीर झालं. असं अभयारण्य देशात हे पहिलंच. मला त्यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, अभयारण्यात घेतलेलं जंगल आधीपासूनच राखीव वन होतं, कुणाचं शेत उचललं नाही. दुसरी, घोषणेच्या कितीतरी आधीपासून स्थानिक माणसं गावागावांत, शाळांमध्ये एकच गोष्ट सांगत होती की हा प्राणी तुमच्या पिकावरचे किडे खातो. 'जगातील दुर्मीळ ठेवा' हे नंतर. आधी किडे. शेतकऱ्याला शेतकऱ्याच्या भाषेत सांगितलं.

आता म्हणाल, तमिळनाडूत झालं ते इथे का होत नाही? कारण दोडामार्गात जंगलाचा मोठा हिस्सा खासगी मालकीचा आहे. सरकारी तेवढं बाजूला काढून त्यावर पाटी लावता येते. जून २०२० मध्ये तिलारीचं २९.५३ चौरस किलोमीटर जंगल संवर्धन राखीव झालं, चांगलंच झालं. पण लोरिस हद्दीचा दगड वाचत नाही. त्याला फांदीला फांदी लागलेली हवी. सरकारी जंगलातून खासगी रानात, रानातून राईत, राईतून जुन्या काजू-आंब्याच्या बागेत, असा त्याचा रस्ता. मधलं एक रान साफ झालं की रस्ता तुटला. मग तो जमिनीवर उतरतो आणि कुत्र्याच्या तोंडी किंवा गाडीखाली जातो, नाहीतर विजेच्या तारेला फांदी समजून धरतो.

आणि ते मधलं रान कुठे विकलं जातंय? दोडामार्गात नाही. इथे, घणसोलीत, आपल्या हॉलमध्ये, सोफ्यावर बसून, मिठाईचा बॉक्स शेजारी ठेवून. ही गोष्ट कुठल्या माहितीपटात येत नाही. त्यात तुम्हाला जेसीबी दिसेल, करवत दिसेल, पडलेलं झाड दिसेल. ज्याने सही केली तो चाकरमानी दिसणार नाही, कारण तो तेव्हा ठाणे-बेलापूर रोडवर बसची वाट बघत उभा असतो.

न्यायालयाचं म्हणाल तर २०१३ मध्येच मुंबई उच्च न्यायालयाने दोडामार्गात वृक्षतोडीला मनाई केली होती. झाडं पडायची थांबली नाहीत. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की सावंतवाडी-दोडामार्गचा हा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करा, चार महिन्यांत करा. अकरा वर्षांत दोनदा तेच. आदेश आपल्या जागी आहे, करवत आपल्या जागी. नुसत्या आदेशाने जंगल राहत असतं तर एव्हाना दोडामार्गात रबराचं एक झाड लागलं नसतं.

गावातले लोक आदेशाच्या बाजूने का उभे राहत नाहीत, हे शहरातल्या निसर्गप्रेमींना कोडं वाटतं. त्यांनी तळवलीत येऊन चार म्हाताऱ्यांशी बोलावं.

मी तळवलीचा. नवी मुंबईसाठी १९७० नंतर ९५ गावांच्या जमिनी संपादित झाल्या, त्यातलं आमचं गाव. भातशेती गेली, मिठागरं गेली, खाडी राहिली तीही नावाला. १९८४ च्या जानेवारीत उरणच्या बाजूला शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण गेले, तेव्हा मी पाळण्यात नसलो तरी अंगणात होतो. आमच्या घरात 'प्रकल्प' हा शब्द कोणी चांगल्या अर्थाने वापरत नाही. आमच्याकडे प्रकल्पाला जोडून एकच शब्द येतो, ग्रस्त.

आणि दोडामार्ग? तिथे तिलारी धरण झालं, महाराष्ट्र आणि गोव्याचं मिळून. गावं पाण्याखाली गेली. धरणग्रस्तांना नोकरीच्या आश्वासनासाठी किती वर्षं उपोषणं करावी लागली ते तिथल्या कुणालाही विचारा. आंबोली, चौकुळ, गेळे इथल्या कबुलायतदार गावकरांच्या जमिनीचा घोळ वेगळाच. पिढ्यानपिढ्या कसलेल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर 'महाराष्ट्र शासन'. शिवाय वनसंज्ञा. आपल्याच जागेत आपलंच झाड, पण कागदावर जंगल, म्हणून घर बांधायला परवानगी नाही. अशा माणसाला तुम्ही सांगता की तुमच्या रानात एक फार मौल्यवान प्राणी आहे. तो काय समजेल? की आता हेही जाणार. मग तो प्राणी दिसला तरी तोंड उघडणार नाही. उलट, लवकर विकून मोकळा होईल. संवर्धनाच्या भीतीने जंगल तोडलं जातं, हे ऐकायला उलटं वाटतं, पण गावात बसलात की अगदी सरळ वाटतं.

म्हणूनच निसर्गप्रेमी मंडळींना माझं सांगणं आहे, थोडं कडक वाटलं तरी चालेल. तुमच्या प्रकल्पाने एकही माणूस 'ग्रस्त' होणार नाही हे पहिल्या बैठकीत लेखी सांगा. सांगता येत नसेल तर गावात जाऊ नका, पुण्यात बसून फोटोंचं प्रदर्शन भरवा.

आणि मार्ग नाही असं नाही. वन्यजीव कायद्यात 'सामुदायिक राखीव' अशी तरतूद २००२ च्या दुरुस्तीपासून आहे. खासगी किंवा गावाच्या सामायिक जमिनीवर, मालकाने आणि गावाने स्वतःहून पुढे आल्यावरच ते जाहीर करता येतं. मालकी मालकाचीच राहते. कारभाराला समिती असते, तिच्यात ग्रामपंचायतीचं प्रतिनिधित्व आणि सोबत खात्याचा प्रतिनिधी. समितीने निवडलेला अध्यक्ष हाच त्या राखीवाचा मानद वन्यजीव रक्षक. म्हणजे उद्या भाऊचा चुलतभाऊ अध्यक्ष झाला तर तोच साहेब. यात काटाही आहे, तो लपवणार नाही. एकदा जाहीर झालं की जमिनीचा वापर बदलायला समितीचा ठराव आणि सरकारची मंजुरी लागते. ज्याला उद्या तिथे रिसॉर्ट काढायचंय त्याने यात पडू नये. पण ज्याला रान रान म्हणूनच ठेवायचंय, आणि फक्त 'सरकार घेईल' या धास्तीने जो विकायला निघालाय, त्याला हा रस्ता कुणी सांगितलेलाच नाही.

त्याहूनही छोटं उदाहरण दोडामार्गातच आहे. हेवाळे-बांबर्डे गावची कानळाची राई. तिथे रानटी जायफळाच्या दुर्मीळ जातीची झाडं पाणथळीत उभी आहेत, मुळं गुडघ्यासारखी पाण्याबाहेर काढून. क्षेत्र किती, तर जेमतेम अडीच हेक्टर. सरकारने त्याला जैवविविधता वारसास्थळ म्हटलं ते २०२० उजाडल्यानंतर. पण ती राई त्याआधी राखली कोणी? गावाने. देवाच्या नावाने. तिथे कुऱ्हाड लावायची नाही, एवढाच नियम, ना कुंपण ना गार्ड. सरकारने शिक्का तेवढा मारला. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाजवळच्या छोट्या माशाचंही तसंच. २०२१ मध्ये २.११ हेक्टर जागा वारसास्थळ झाली, आणि मंदिराच्या कुंडातला मासा मारायचा नसतो हे गावाला त्याआधीपासून ठाऊक होतं.

मला यात लोरिसचा रस्ता दिसतो. नवीन श्रद्धा तयार करायला नको, आहे तिचीच हद्द थोडी रुंद करायची. राईला लागून जे रान आहे त्यातला पट्टा राईसारखाच ठेवायचा. दोन बागांमध्ये फांद्यांचा जोड तुटलाय तिथे साधा बांबू किंवा दोर बांधायचा. राईतून जाणाऱ्या विजेच्या तारांना वेष्टण घालायची मागणी ग्रामपंचायतीने करायची. कोट्यवधींचा खर्च नाही यात. 'प्रकल्प' म्हणायचीसुद्धा गरज नाही, आणि माझं ऐकाल तर म्हणूच नका.

हे सगळं बोलून झाल्यावर भाऊने मला जो प्रश्न विचारला तो तसाच सांगतो, कारण त्याचं माझ्याकडे पुरं उत्तर नाही. "चेडवाचा शिक्षण आसा, घराचो हप्तो आसा. लोरिस भरतलो काय हप्तो?"

नाही भरणार. लोरिस दाखवून पर्यटन करू, होमस्टे काढू, रोजगार येईल, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणाऱ्यांपासून सावध राहा. रात्री टॉर्च मारत वीस-वीस माणसांचे गट रानात फिरायला लागले तर रबरवाल्याची गरजच उरणार नाही, लोरिस असाच संपेल. हा प्राणी पैसे कमावून देणारा नाही.

मी भाऊला एवढंच म्हणालो की हिशोब पुरा मांड. एजंट जो आकडा सांगतोय तो वीस-बावीस नावांत वाटला की तुझ्या हाताला किती? कागदाची पेन हातात घेऊन टपरीवरच मांडला. दलाली गेली, काकाच्या हिश्श्याचा जुना तंटा आहे त्याचे वकील गेले, उरलं ते दोन वर्षांचा हप्ता भरण्याएवढंही नव्हतं. आणि त्या बदल्यात काय गेलं? तुझ्या आईच्या घरामागचा व्हाळ त्या रानातून येतो. मे महिन्यात त्याला पाणी असतं म्हणून तुम्ही सुट्टीत जाता. वरचं रान साफ करून ओळीने रबर लावल्यावर तो व्हाळ तसाच वाहील याची हमी एजंट साठेखतात लिहून देईल का? तेवढं एक कलम घालून बघ म्हटलं. भाऊ गप्प झाला. पटलं म्हणून की वैतागून, ते मला सांगता येणार नाही.

तर मंडळी, मागणं फार नाही.

१ मेला गावोगाव ग्रामसभा असते, आणि मे महिन्यात तुम्ही गावीच असता. त्या दिवशी आंबे उतरवायचं काम दुपारनंतर ठेवा आणि सभेला जा. मतदार यादीत नाव इकडे आणलं असेल तर तिथे मत देता येणार नाही, पण जमिनीवर नाव आहे, बोलायला कोण अडवतंय? तिथे एकच गोष्ट विचारा. आपल्या गावची लोक जैवविविधता नोंदवही कुठे आहे, आणि तिच्यात लोरिसची नोंद आहे का. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असावी असा कायदा आहे, नोंदवही ठेवणं तिचं काम आहे. बऱ्याचदा ती कपाटात असते आणि चावी ग्रामसेवकाकडे. ती बाहेर काढायला लावा. गावातल्या जुन्या माणसांना, रात्री राखणीला जाणाऱ्यांना, फोटो दाखवून विचारा की हा बघितलाय का. त्यांचं ऐकून लिहून घ्या. कागदावर प्राणीच नसेल तर रस्ता, खाण, प्लॉटिंग, कशालाही 'येथे दुर्मीळ वन्यजीव नाहीत' असं एका ओळीत लिहून टाकता येतं. तशा ओळी मी फाइलींमध्ये वाचल्यात.

फोटो मिळाला तर जागेचं नाव टाकून फेसबुकवर चढवू नका. माझ्या या पोस्टखालीसुद्धा नको. पकडणारेही वाचतात.

आणि एजंट घरी आला तर मिठाई घ्या, मुलांचा हिरमोड नको. सही मात्र सगळे हिस्सेदार एकत्र बसल्याशिवाय करू नका. आपली चुलत-आत्ये भावंडं लग्नाला आणि बाराव्यालाच भेटतात, एजंटला तेच बरं पडतं. तो एकेकट्याला गाठतो आणि प्रत्येकाला सांगतो की बाकीच्यांनी केलीय, तुमचीच राहिलीय.

भाऊने सोमवारी फोन केला होता. त्याच्या कल्याणच्या चुलत बहिणीला एजंटने सांगितलंय की घणसोलीकरांनी सही केली. घणसोलीकराने अजून केलेली नाही. आता बावीसच्या बावीस जणांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप करतोय म्हणाला, सात नंबर अजून मिळायचेत.